तीन दशांश सेकंद

"ही गाडी माझ्या आधीच ब्रेक मारती," आबा पुटपुटले.

ते बोलले स्टिअरिंगशी. पण शेजारी बसलेल्या जयमालाच्या कानांवर ते बरोबर पडलं. पडायलाच हवं होतं, तिची नोकरीच त्यावर होती.

"काय म्हणालात, आबा?"

"काय न्हाई गं. मी पाय टाकायच्या आत ही थांबलेली असती. आमच्या माईसारखं. मी तोंड उघडायच्या आत उत्तर तयार."

"मग बरंच की."

"माईचं ठीक हाय. तिच्याशी लगीन हून बावन्न वर्सं झाली. ही अजून पाहुणी हाय."

सिग्नल सुटला. आबांनी ऐटीत गाडी काढली, म्हणजे काढल्यासारखं झालं, आणि जयमालानं मांडीवरच्या टॅबमध्ये 'कुरकुर' या रकान्यात लिहिलं : ब्रेक आपल्या आधी लागतो असं वाटतं.

जयमाला सुतार कोल्हापुरातल्या भारी गाड्यांच्या एका शोरूममध्ये पिकअपचं काम करायची. ग्राहकाच्या घरी जायचं, त्याची गाडी सर्व्हिसिंगला आणायची, तोवर वापरायला बदली गाडी त्याच्या दारात उभी करायची, आणि काम झालं की धुऊनपुसून त्याची त्याला परत. खरं तर गाड्या आपल्या आपण येऊ-जाऊ शकत होत्या. गावातल्या निम्म्या गाड्या एव्हाना तशाच फिरायच्या, रिकाम्या, आत भूत बसल्यासारख्या. पण एवढी भारी गाडी घेतलेल्या माणसाच्या दारात माणूसच आला पाहिजे, त्यानं नमस्कार करून दोन्ही हातांनी किल्ली घेतली पाहिजे, हा त्या सेवेचा दिमाख होता. सत्तेचाळीस वर्षांची, भावाच्या टेम्पोवर आपली आपणच ड्रायव्हिंग शिकलेली, कधी कुणाच्या गाडीला ओरखडा न पाडलेली जयमाला म्हणजे तो दिमाख.

आणि दुसरा दिमाख कुरकुरीचा. तक्रार काय, कुणालाही ऐकू येते. आपण ग्राहकाची कुरकुर ऐकतो, असं शोरूमच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. अधूनमधून ग्राहकाच्या शेजारी बसून तो तोंडातल्या तोंडात जे बोलतो ते टिपायचं आणि चोवीस तासांत मिटवायचं. जयमालाच्या नावावर सहा वर्षांत एकही कुरकुर शिल्लक राहिली नव्हती. घरी नवऱ्याच्या कुरकुरीकडे तिनं जन्मात कधी लक्ष दिलं नव्हतं, पण तो विषय वेगळा.

"माझी गाडी कवा यायची?" आबांनी विचारलं. हेही दर खेपेचं.

"पार्ट यायचाय, आबा. बाहेरनं येतोय."

"अकरा महिने झाले. काय समुद्रातनं पोहत येतोय का?"

जयमाला हसली. अकरा महिन्यांत हे हसू तिला चांगलं जमायला लागलं होतं.

रंगराव मोहिते, म्हणजे आबा, यांची आधी फौंड्री होती. वितळलेल्या लोखंडाच्या रंगावरून ते त्याची उष्णता सांगायचे, यंत्रानं मोजलं तर दहा-वीस अंशांचा फरक निघायचा. तळव्यांना कळतं, म्हणायचे. गाडीचंही तसंच. गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या तेव्हा त्यांनी हट्टानं शेवटच्या खऱ्या स्टिअरिंगच्या गाड्यांतली एक घेतली आणि नऊ वर्षं स्वतः चालवली. रोज संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचं, समोर म्हैस पिळून घ्यायची, फेसाळ गिलास उभ्यानं प्यायचा आणि परत यायचं. एवढ्यासाठी एवढी गाडी.

ती गाडी आबांना चालवू द्यायची, पण त्यांच्याकडे बघतही असायची. पाय पडायला किती वेळ लागतो, हात कुठे थरथरतो, वळणावर नजर कुठे जाते, सगळं टिपायची. त्या टिपणांत दोन वर्षांपूर्वी काहीतरी बिघडायला लागलं. उजवीकडच्या वळणावर पाय उशिरा पडू लागला. एकदा आबा स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी चार मिनिटं नुसते थांबून राहिले, रस्ता मोकळा असताना. गाडीनं ते शोरूमला कळवलं, शोरूमनं मुलाला, मुलानं डॉक्टरला. आजाराचं नाव लांबलचक होतं. अर्थ असा, की आबा हळूहळू सगळं विसरणार होते.

मग गाडी सर्व्हिसिंगला आली. जयमालानंच आणली. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. शोरूमच्या मागच्या शेडमध्ये कव्हर घालून ती उभी राहिली ती राहिलीच. आणि जयमालानं आबांचा चष्मा, अंगावरचा पंचा, जोतिबाचा फोटो आणि गुलालाची पुडी असं सगळं आपल्या हातानं तिच्यातून काढून बदली गाडीत जिथल्या तिथं मांडलं.

बदली गाडीची गंमत शहापुरे सरांनी तिला तेव्हा समजावून सांगितली होती. शहापुरे म्हणजे शोरूमचे मॅनेजर, बत्तीस वर्षांचा, कधीही आवाज न चढवणारा माणूस.

"जयमालाताई, आपण एखादी गोष्ट केली, हे आपल्याला कळतं कसं?"

"केली म्हणून कळतं."

"तसं नसतं. मेंदू हाताला हुकूम सोडतो ना, तेव्हा त्या हुकमाची एक नक्कल स्वतःपाशी ठेवून घेतो. हात हलला, चाक वळलं, रस्ता फिरताना दिसला, की ती नक्कल काढून ताडून बघतो. जुळली की म्हणतो, हे मी केलं. आपल्याच बोटांनी आपल्याला गुदगुल्या होत नाहीत त्या म्हणूनच. मेंदूला आधीच ठाऊक असतं."

आबांच्या जुन्या गाडीतली नऊ वर्षांची टिपणं या गाडीला दिलेली होती. त्यामुळे आबा आता काय करणार हे तिला आबांच्या अर्धा सेकंद आधीच कळायचं. रस्ता बघून चालायची ती स्वतः, आपल्या अकलेनं. पण आबांच्या हातापायांशी इतकं जुळवून घेत, की आबांच्या मेंदूनं नक्कल ताडून म्हणावं, हे मी केलं. चाकाला तेवढाच जोर लागायचा, पायाखाली तेवढंच दबायचं. स्टिअरिंग मात्र कशालाच जोडलेलं नव्हतं. जत्रेतल्या पाळण्यातल्या मोटारीला असतं तसं.

"पण मग त्यांना बदली गाडी आहे असं सांगायचंच कशाला?" जयमालानं विचारलं होतं. "त्यांचीच आहे म्हणायचं."

"हातांना कळलं असतं ना लगेच. बदली आहे म्हटलं की माणूस सगळं चालवून घेतो. सीट टोचली, चाक हलकं लागलं, तरी म्हणतो, आपली थोडीच आहे."

जयमालाला ते पटलं होतं. तिनं जत्रेतल्या मोटारीत बसलेली पोरं पाहिली होती. चाक गरागरा फिरवतात, तोंडानं आवाज काढतात आणि उतरताना आईला सांगतात, मी चालवली. कुठल्या आईनं त्यांना खरं सांगितलंय?

कुरकुर मिटवायला दुसऱ्या दिवशी ती शहापुरे सरांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी मोहिते यांचं पान उघडलं. बऱ्याच आडव्या पट्ट्या होत्या. त्यातल्या एकीवर त्यांनी बोट ठेवलं.

"गाडी धोका बघून आधी ब्रेक लावते आणि त्यांचा पाय मागून पडतो. घडलेलं हुकमाच्या आधी आलं की मेंदूला लगेच कळतं, हे दुसऱ्याचं काम. उलटं झालं तर तो चालवून घेतो. म्हणजे आपण गाडीला थोडं थांबायला सांगायचं. त्यांचा पाय पडेपर्यंत."

"किती थोडं?"

"तीन दशांश सेकंद. पापणी लवते तेवढं."

"आणि तेवढ्यात काही आडवं आलं तर?"

"खरोखरचा धोका असला तर गाडी कुणाच्या पायाची वाट बघत नाही, ताई. हे फक्त रोजच्या साध्यासुध्या ब्रेकसाठी." त्यांनी टॅब तिच्यापुढे सरकवला. "कुरकुर तुमची आहे, अंगठा तुमचा लागेल."

जयमालाच्या डोळ्यांपुढे आबांचं तोंड आलं, 'ही अजून पाहुणी हाय' म्हणतानाचं. अकरा महिने ती त्या माणसाशी खोटं बोलत आली होती. त्याला एवढं तरी सुख द्यावं असं तिच्या मनात आलं, आणि तिनं अंगठा टेकवला. रकाना हिरवा झाला. कुरकुर मिटली.

पुढच्या खेपेला आबा खूश होते.

"काय केलंस गं गाडीला? हातात आली बघ आता. आता वाटतंय मी चालवतोय म्हणून."

"नीट करून घेतली, आबा."

"चल, तुला दूध पाजतो. नको म्हणायचं न्हाई."

कट्ट्यावर संध्याकाळची गर्दी होती. दगडी कट्ट्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, गिलासांचा आवाज, ओल्या शेणाचा आणि दुधाचा वास. आबांनी गाडी अगदी कट्ट्याला लावली आणि हौसाबाईला हाक मारली. हौसाबाई आणि तिचा नवरा केरबा यांच्या म्हशींचं दूध आबा चाळीस वर्षं पीत होते.

"एवढी घराएवढी गाडी घिऊन येतासा आन् पितासा एक गिलास," हौसाबाई म्हणाली. "गाडीला तरी पाजा की उरल्यालं."

"गाडीला नको. ही आधीच माजलीया," आबा म्हणाले. "हिला दे. आमच्या जयमालाला."

"ही कोण? डायवर?"

"डायवर मीच. ही गाडीची डाक्तरीण."

हौसाबाईनं जयमालाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिच्या गिलासात फेस जास्त घातला आणि हळू आवाजात म्हणाली, "आबास्नी जप बाई. परवा मला तीनदा इचारलं, तुझी थोरली लेक कुठं दिली. तिच्या लग्नात ह्येनीच अक्षता टाकल्यात."

जयमालानं गिलास तोंडाला लावला. दूध कोमट होतं, गोड होतं.

जाताना हौसाबाई म्हैस घेऊन गल्लीकडे निघालेली तिनं पाहिली. तिची एक रीत होती. म्हशीला मागून हाकायची नाही. दोरी धरून, म्हशीच्या तोंडाकडे तोंड करून, आपण उलट्या पावलांनी चालायची, तिच्याशी बोलत. रस्त्यानं आपल्या पाठीमागून काय येतंय ते म्हशीनं बघावं आणि म्हशीमागून काय येतंय ते आपण, असा त्यांचा करार असावा.

नऊ दिवसांनी, संध्याकाळी सहाला, जयमालाचा टॅब लाल झाला. अपघात. ग्राहक मोहिते. जागा गंगावेस.

अपघात झाल्यास चाळीस मिनिटांच्या आत दुसरी बदली गाडी जागेवर हजर, हीसुद्धा त्या शोरूमची सेवा होती. जयमाला सदतीस मिनिटांत पोचली. धुतलेली, सुगंधी, सीटवर पाण्याची बाटली ठेवलेली गाडी घेऊन ती गर्दीच्या कडेला थांबली आणि आपण काय आणलंय हे बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हौसाबाईला दवाखान्यात नेलं होतं. रस्त्यावर कासंडी उलटली होती आणि दूध गटाराकडे ओघळत होतं. कुणी त्यात पाय देत नव्हतं. आबा कट्ट्याच्या दगडावर बसले होते. त्यांच्या हातात म्हशीची दोरी होती. कुणी दिली कोण जाणे. त्यांनी ती सोडली नव्हती आणि म्हैस त्यांच्याशेजारी मुकाट उभी होती.

"माझा पाय उशिरा पडला, जयमाला," ते म्हणाले.

ती त्यांच्याजवळ गेली.

"म्हैस बाजूला झाली. नेहमी होती तशी. मला वाटलं झालं. आन् तिच्या पलीकडं ही. मी पाय टाकला. पण उशिरा पडला गं."

नंतर गाडीच्या नोंदीतून सगळं निघालं. पुढे पाठमोरी म्हैस. त्या रस्त्यावर आबांच्या गाडीपुढून म्हशी रोजच बाजूला होत. नऊ वर्षांच्या टिपणांत तसं शेकडो वेळा होतं. म्हणून गाडीनं तो रोजचा साधासुधा ब्रेक मानला आणि सांगितल्याप्रमाणे आबांच्या पायाची वाट पाहिली. ताशी पंचवीसनं जाणारी गाडी तीन दशांश सेकंदात दोन मीटर पुढे जाते. म्हशीच्या शिंगापासून शेपटापर्यंत जेमतेम एवढंच भरतं. म्हैस सरकली, पलीकडची बाई दिसली आणि गाडीनं सगळं बळ लावून ब्रेक दाबला, पण ते दोन मीटर संपले होते. धक्का तसा मोठा नव्हता. हौसाबाई मागे पडली ती कट्ट्याच्या दगडी कडेवर.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

चौथ्या दिवशी शहापुरे सरांच्या केबिनमध्ये आबांचा मुलगा संग्राम बसलेला होता. जयमालाला बोलावलं होतं. शहापुरे सरांनी तिघांना कॉफी मागवली, तिच्यात साखर किती ते प्रत्येकाला विचारलं आणि मग सांगितलं.

कायद्यात दोनच रकाने होते. गाडी एकटी, किंवा चालक हजर. गाडी एकटी असेल तर दोष बनवणाऱ्याचा, चालक हजर असेल तर चालकाचा. स्टिअरिंगवर हात असलेला माणूस म्हणजे चालक हजर. खोट्या स्टिअरिंगवरच्या खऱ्या हातांसाठी तिसरा रकाना कुणी केलेलाच नव्हता.

"आबांना काही होणार नाही," शहापुरे सर म्हणाले. "वय आहे, आजाराचे कागद आहेत. कुठलंही कोर्ट त्यांना आत टाकणार नाही."

"आणि खरं सांगितलं तर?" जयमालानं विचारलं.

संग्राम इतका वेळ कपाकडे बघत होता. तो म्हणाला, "काय सांगायचं, ताई? की बाबा, तुम्हाला आम्ही वर्षभर पाळण्यात बसवून फिरवलं? सगळं जातंय त्यांचं. माझं नाव गेलं परवा, मला दादा म्हणाले, त्यांच्या भावाला म्हणायचे तसं. एक गाडी चालवता येते एवढंच उरलंय. तेही काढून घेऊ?"

"पण त्यांना वाटतंय त्यांनी..."

"विसरतील." संग्राम म्हणाला. "सगळं विसरतात, हेही विसरतील."

शहापुरे सरांनी अगदी मऊ आवाजात पुस्ती जोडली. "आणि ताई, नोंद उघडायची म्हटलं तर सगळीच उघडावी लागेल. ती कुरकुर कुणी लिहिली, कुणाच्या अंगठ्यानं मिटली, तेसुद्धा. मला तुमची काळजी वाटते."

जयमाला कॉफी न पिता उठली. त्या दिवशी तिनं चार गाड्या पोचवल्या, चार ठिकाणी नमस्कार केला, आणि एका बाईनं गाडीत धुळीचा वास येतो अशी कुरकुर केली ती लिहून घ्यायला विसरली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

आबा विसरले नाहीत.

तो आजारच तसा होता. घडलेलं पुसलं जायचं, पण त्यानं मनाला जे झालं ते जायचं नाही. जेवलो की नाही हे त्यांना कळत नव्हतं, मुलाचं नाव येत नव्हतं, हौसाबाईचं नावसुद्धा मधूनच हरवायचं. पण सकाळी डोळे उघडले की ते माईंना विचारायचे, "ती दूधवाली कशी हाय?" माई काहीतरी बोलून वेळ मारून न्यायच्या. मग आबांचा चेहरा बदलायचा. आपणच ते केलं, एवढं त्यांना रोज नव्यानं कळायचं.

जयमाला भेटायला गेली तेव्हा ते अंगणात बसले होते. डाव्या पायात चप्पल, उजवा अनवाणी.

"घालत नाहीत," माई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "म्हणतात, त्या पायाला काही घालू नका. त्यानं माणूस मारलंय."

"माई, त्यांना सांगू या का?"

माईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मी सही केलीय, जयमाला. त्या बदली गाडीच्या कागदावर संग्रामच्या खाली माझी पण सही आहे. बावन्न वर्षं मी त्यांच्या आधी बोलत आले. आता तोंड उघडत नाही बघ."

हौसाबाईच्या बाराव्याला आबांनी हट्ट धरला. केरबाकडे जायचं. आणि उद्या पोलिसांत जाऊन लिहून द्यायचं, माझा गुन्हा म्हणून. संग्रामनं खूप समजावलं. शेवटी म्हणाला, केरबाकडे जाऊ, पुढचं पुढं बघू. उद्यापर्यंत विसरतील, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. न्यायला जयमाला आली, दुसरी बदली गाडी घेऊन. पुढच्या सीटवर बसा म्हटलं तर आबा मागे जाऊन बसले. शहापुरे सर आपल्या गाडीनं परस्पर आले. त्यांनी शोरूमची रिबन लावलेली फळांची करंडी आणली होती. दारात आल्यावर त्यांना ती कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून ती शेवटपर्यंत त्यांच्या हातातच राहिली.

केरबाचं घर म्हणजे पुढे गोठा आणि मागे दोन खोल्या. सात म्हशी होत्या. पाहुणे जेवून गेले होते, अंगणात पत्रावळ्यांचा ढीग होता. केरबा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला होता. आबांना बघून तो उठला. आबा एका पायात चप्पल घालून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, आणि कुणी धरायच्या आत खाली वाकून त्यांनी त्याच्या पायांना हात लावला.

"केरबा, माझ्या पायानं मारली रे तिला."

केरबानं त्यांना दंडाला धरून उठवलं आणि उंबऱ्यावर आपल्या शेजारी बसवलं. एक म्हैस रवंथ करत होती.

"आबा, मला एक कळंना झालंय," तो म्हणाला. "त्या टायमाला मी कट्ट्यावरच हुतो. मी वरडलो तिला, सरक म्हणून. ती मला म्हनली, आबाची गाडी हाय, थांबतीया. आन् हसली. सरकलीच न्हाई." त्यानं डोळे पुसले नाहीत, नुसतं नाक ओढलं. "चाळीस वर्सं तुमी म्हशीतनं गाडी काढतायसा. कवा एक शेपूट लागलं न्हाई. त्या दिवशीच कसं झालं? एवढं सांगा. मला दुसरं काय नको."

संग्रामनं म्हशींकडे पाहिलं. शहापुरे सरांनी करंडी या हातातून त्या हातात घेतली.

"गाडीत काय खोट हुती का?" केरबानं विचारलं.

"न्हाई." आबा ताडकन म्हणाले. त्यांचा आवाज एकदम फौंड्रीतल्यासारखा निघाला. "गाडीवर घालायचं न्हाई. मी खोटं बोलणार न्हाई तुझ्यापाशी. गाडी चांगली हुती. आधी जरा पुढं पुढं करायची, पण ही पोरगी..." त्यांनी मागे वळून शोधलं. जयमालाचं नाव त्यांना आठवेना. त्यांनी हात लांब करून तिला जवळ बोलावलं. "ही. हिनं नीट करून दिली. माझ्या हातात आणून दिली. हिला इचार. ही कधी खोटं बोलायची न्हाई. सांग गं ह्याला. गाडी चांगली हुती का न्हाई? दोष माझा का न्हाई?"

त्यांनी तिचा हात धरला होता. तळवा फौंड्रीवाल्याचा, अजून कडक. अनवाणी पाऊल शेणात टेकलेलं होतं आणि ते एका लयीत खाली दाबलं जात होतं, पुन्हा पुन्हा, अजूनही ब्रेक लागेल अशा आशेनं.

"जयमालाताई," शहापुरे सर मागून हळूच म्हणाले.

"ताई, नको," संग्राम म्हणाला.

तिला एकाच वेळी दोन्ही दिसत होतं. गप्प राहिली तर हा माणूस उद्या सकाळी पुन्हा डोळे उघडेल आणि पुन्हा ती बाई मारेल, परवा पुन्हा, मरेपर्यंत रोज. बोलली तर त्याच्या हातातलं शेवटचं उरलेलं ती आपल्या हातानं काढून घेणार. आणि केरबाला तर काय, दोन्हीकडून ती बाई परत मिळणार नव्हती. पण त्यानं विचारलं होतं.

जयमाला आबांसमोर खाली बसली. त्यांच्या उजव्या पावलावर तिनं आपला हात ठेवला आणि ते थांबेपर्यंत धरून ठेवलं.

"आबा, माझं नाव जयमाला. मी तुमच्याशी वर्षभर खोटं बोलले. तुमच्या गाडीला काही झालेलं नव्हतं, कुठला पार्ट यायचा नव्हता. ती तुमच्याकडून काढून घेतली. दिली त्या गाडीचं स्टिअरिंग कशालाच जोडलेलं नव्हतं, ब्रेकसुद्धा नाही. तुमचा पाय उशिरा पडला नाही, आबा. तो ब्रेक उशिरा लागावा असं मी गाडीला सांगितलं होतं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून." तिनं केरबाकडे पाहिलं, मग पुन्हा आबांकडे. "गाडी तुम्ही चालवत नव्हता. एक दिवससुद्धा नाही."